कावसजीचे नाक आणि ओपीडीतला एक प्रश्न

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन होऊन वर्ष-दोन वर्षे झालेल्या बाया तपासणीला येतात. रिपोर्ट चांगला असतो, तरी काही जणी लगेच उठत नाहीत. सोबतचा माणूस औषधाच्या खिडकीकडे गेला, की हळूच विचारतात, काढलेला स्तन परत करता येतो का? आणि आपणच विषय मिटवतात, की या वयात हे नखरे कशाला. अशा वेळी मला सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा एक गाडीवान आठवतो. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात त्याचे नाव जगभर घेतले जाते.

कावसजी हा मराठा शेतकरी. १७९२ साली इंग्रज आणि टिपू सुलतान यांच्या युद्धात तो इंग्रज फौजेत बैल हाकत होता. तो टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. त्याच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेत परतला. पुढे कंपनीने त्याला पेन्शन दिले.

पेन्शनने पोट भरत होते, श्वासही चालू होता. म्हणजे जगण्यासाठी नाकाची गरज नव्हती. पण नाक कापणे ही त्या काळी शिक्षा होती. आपल्या भाषेतही नाक कापले जाणे म्हणजे अब्रू जाणे. असा चेहरा घेऊन कावसजी वर्षभराहून अधिक काळ राहिला आणि मग पुण्याजवळच्या एका कारागिराकडे गेला. विटा घडवणाऱ्या समाजातल्या या माणसाकडे नाक बसवण्याची कला होती.

त्या कारागिराने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बेतून पाहिला. मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याभोवती रेघ ओढली. रेघेच्या आतली कातडी सोडवली, पण दोन भुवयांमध्ये तिचा एक छोटा देठ तसाच जोडलेला ठेवला. या देठातून रक्त येत राहते, म्हणून कातडी मरत नाही. ती पिळा देऊन खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. वरून पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या. हा कात म्हणजे आपल्या जंगलातल्या खैराचा, पानात घालतो तोच. चार दिवसांनी तुपात भिजवलेली कापडे आली. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापला. हे सगळे भूल न देता झाले. ईथरची भूल १८४६ नंतर आली.

कंपनीचे डॉक्टर थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. चित्रकार जेम्स वेल्स याने ऑपरेशननंतर दहा महिन्यांनी कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ही हकिगत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तसेच ऑपरेशन यशस्वी केले. ही पद्धत युरोपभर गेली. कारागिराचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही.

आज पाठीची किंवा पोटाची कातडी-चरबी घेऊन स्तन पुन्हा घडवतात, तेव्हा तत्त्व तेच असते: स्वतःचे मांस, आणि त्याला जिवंत ठेवणारा रक्तपुरवठा. दुसरा मार्ग सिलिकॉनच्या इम्प्लांटचा. तो १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला सुरू झाला.

बायांचे प्रश्न बहुधा सारखेच असतात. इम्प्लांट जन्मभर टिकते का? नाही, काही वर्षांनी बदलावे लागू शकते. शरीर ते स्वीकारते का? त्याभोवती शरीर एक आवरण तयार करते. कधी ते आवळते आणि दुखते. रेडिएशन घेतले असेल तर हा त्रास वाढतो, अशा वेळी स्वतःच्या मांसाचा पर्याय बरा ठरू शकतो. स्पर्श पहिल्यासारखा कळेल का? बहुधा नाही. त्या बाजूला दूध येईल का? नाही. कर्करोग उलटेल का? स्तन पुन्हा घडवल्यामुळे ती शक्यता वाढत नाही, मात्र नियमित तपासणी सोडायची नाही. खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटमुळे क्वचित एका वेगळ्या प्रकारचा कर्करोग होतो, म्हणून कोणते इम्प्लांट बसवणार हे विचारा आणि त्याचे कार्ड जपून ठेवा. नवी सूज किंवा गाठ दिसली, तर वाट न पाहता दाखवा.

ऑपरेशन नकोच असेल, तर ब्रेसियरच्या आत ठेवायचा कृत्रिम स्तनही मिळतो. काहीच न करणे हाही योग्य निर्णय आहे. तो लाजेपोटी घेतलेला नसावा, एवढेच.

स्तन काढायचे ठरते तेव्हाच हा प्रश्न विचारलेला चांगला, कारण काही जणींमध्ये दोन्ही कामे एकाच वेळी होतात. नंतरही उशीर झालेला नसतो. प्लास्टिक सर्जनकडे जाण्यासाठी चिठ्ठी मागा. एक हात गमावलेला कावसजी पुन्हा वेदना सोसायला तयार झाला, त्याला कोणी नखरेल म्हटले नाही. आपल्या घरातल्या बाईलाही कोणी तसे म्हणू नये.