सांकवाळ ते हार्वर्ड : पदवीविना परदेशी शिकलेले धर्मानंद कोसंबी

खानापूर : लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे निघालेली गाडी दूधसागरचा घाट उतरून गोव्यात शिरते आणि वास्को यायच्या थोडं आधी सांकवाळ लागतं. खानापूर तालुक्यातल्या कितीतरी जणांची ही नेहमीची वाट. याच सांकवाळात ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म झाला. पाली भाषा आणि बुद्धाचं तत्त्वज्ञान मराठी माणसाच्या घरात आणणारे पंडित म्हणून आज त्यांना ओळखलं जातं.

४ जून ही त्यांची पुण्यतिथी. हे दिवस आपल्याकडे ॲडमिशनचे. बारावीनंतर काय, बेळगाव की पुणे की बेंगळुरू, आणि जमलंच तर परदेश का, अशी चर्चा घराघरांत चालू असते. परदेशाचं नाव निघालं की आधी फी, कर्ज आणि व्हिसा यांचा हिशोब होतो. तिथे राहून मुलाला नेमकं मिळणार काय, हा प्रश्न मात्र मागे पडतो. धर्मानंदांचं आयुष्य हे त्या प्रश्नाचं एक सविस्तर उत्तर आहे. त्यात काय मिळालं तेही आहे आणि काय द्यावं लागलं तेही.

घर सुटलं

धर्मानंदांचं शालेय शिक्षण यथातथाच झालं. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात मराठी शिक्षणाची सोय तोकडी होती. वडिलांना नारळाच्या बागायतीत मदत करण्यात पोरवय गेलं. लहान वयातच चिखलीच्या लाड घराण्यातल्या बाळाबाईंशी लग्न झालं. जे काही शिकले ते मिळेल ते मराठी वाचून.

अशातच ‘बालबोधमेवा’ मासिकात बुद्धाचं चरित्र त्यांच्या वाचनात आलं. छोटासाच मजकूर, पण तो मनात रुतून बसला. बुद्धाची शिकवण मुळातून समजून घ्यायची, हा ध्यास लागला. वडील वारल्यानंतर, १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. मागे राहिल्या बाळाबाई आणि लहानगी माणिक. खिशात फारसे पैसे नाहीत, इंग्रजी येत नाही, कुणाची शिफारस नाही.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आधार मिळाला. पण संस्कृत नीट शिकायचं तर काशी गाठायला हवी होती. उज्जैन, ग्वाल्हेर करत ते काशीला पोचले. अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांकडे व्याकरण शिकायचं, असा दिनक्रम त्यांनी नेटाने चालवला.

१९०२ मध्ये ते बौद्ध धर्माच्या शोधात नेपाळला गेले. तिथलं चित्र पाहून निराश झाले. मग बोधगयेला आल्यावर कळलं, की पाली ग्रंथ शिकायचे असतील तर सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जायला हवं. कलकत्ता आणि मद्रास करत ते कोलंबोला पोचले.

पुस्तकातली भाषा तोंडात आली

कोलंबोत सुमंगल महास्थविरांनी १८७३ मध्ये स्थापन केलेलं विद्योदय विद्यालय होतं. पालीचं ते नावाजलेलं केंद्र. धर्मानंद तिथे नुसते विद्यार्थी म्हणून राहिले नाहीत, श्रामणेर झाले. म्हणजे राहणं, उठणं, जेवणं, बोलणं सगळं तिथल्या भिक्षूंबरोबर.

इथेच परदेशी शिकण्याचा खरा फायदा दिसतो. भारतात त्या काळी पाली शिकवणारा गुरू मिळणं मुश्कील होतं. सिलोनमध्ये तीच भाषा रोजच्या पाठांतरात, प्रवचनात आणि चर्चेत होती. काशीत जे ग्रंथांतही हाती लागलं नाही, ते इथे कानावर पडत होतं. एखाद्या शब्दाचा कोशातला अर्थ एक आणि त्या शब्दाप्रमाणे जगणारी माणसं समोर दिसणं वेगळं.

दुसरा फायदा सीमाभागातल्या वाचकाला चटकन कळेल. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिलोनमध्ये ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात तिथल्या लिपीत. त्यामुळे भाषेआधी लिपी गिरवावी लागते. एका पाटीवर कन्नड आणि दुसऱ्या पाटीवर मराठी वाचत मोठं झालेल्या खानापूरच्या पोराला यात नवल वाटणार नाही. धर्मानंदांना मात्र हे सगळं पंचविशीत, परक्या मुलखात, पाटी-पेन्सिलीपासून शिकावं लागलं.

सगळं गोडच होतं असं नाही. तिथलं अन्न त्यांना मानवेना, तब्येतीवर परिणाम झाला. शेवटी १९०३ मध्ये सिलोन सोडून मद्रासला यावं लागलं. पण शिकणं थांबलं नाही. पुढे ते ब्रह्मदेशात गेले, तिथल्या विहारांत राहिले, ग्रंथांबरोबर ध्यानसाधनाही शिकले. मधल्या काळात कुशीनारा, बोधगया अशी बुद्धाच्या आयुष्याशी जोडलेली ठिकाणंही पाहिली.

शिकलेलं परत आणलं

१९०६ मध्ये भिक्षूपण सोडून ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले. आधी राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून निघालेलं नॅशनल कॉलेज, मग कलकत्ता विद्यापीठ. घरातून निघाले तेव्हा ज्याला कुणी दारात उभं केलं नसतं, तो माणूस विद्यापीठात अध्यापक झाला होता. आणि हे सगळं हातात एकही पदवी नसताना.

त्याच सुमारास बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्यापुढे वेगळाच प्रस्ताव ठेवला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात राहायचं, वर्षाला एक पुस्तक लिहायचं आणि दरमहा ५० रुपये घ्यायचे. धर्मानंदांनी कलकत्त्याची नोकरी सोडली आणि हे ५० रुपये पत्करले. आपण शिकलो ते आपल्या माणसांच्या भाषेत पोचलं पाहिजे, ही त्यामागची ओढ.

१९१० मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक वुड्स यांनी त्यांना अमेरिकेला बोलावलं. ‘विसुद्धिमग्ग’ या मोठ्या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम वॉरन नावाच्या अभ्यासकाच्या मृत्यूमुळे अर्धवट राहिलं होतं. सिंहली आणि बर्मी लिपीतली हस्तलिखितं ताडून पाहायची, तर दोन्ही लिपी आणि दोन्ही परंपरा जाणणारा माणूस हवा होता. कोलंबोत आणि ब्रह्मदेशात काढलेले कष्ट असे कामी आले. तिथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयावरून मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले. पुढे त्याच कामासाठी आणखी तीन वेळा त्यांनी अमेरिका गाठली. ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनने काढली. हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये आली, ती पाहायला मात्र ते नव्हते.

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षं त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. पु. वि. बापट, एन. के. भागवत यांच्यासारखे पालीचे अभ्यासक तिथेच तयार झाले. बापट पुढे स्वतः हार्वर्डला जाऊन आले. एक माणूस बाहेर जाऊन शिकून आला, की त्याच्यामागून पुढच्यांची वाट कशी सोपी होते, ते इथे दिसतं.

धर्मानंदांचं शिकणंही पालीपुरतं राहिलं नाही. अमेरिकेत त्यांनी समाजवादी विचारांचं वाचन केलं. १९२९ मध्ये लेनिनग्राडला गेले. परतल्यावर १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत १९३७ मध्ये बहुजनविहार उभा राहिला, तो त्यांच्याच धडपडीतून. अभ्यासासाठी बाहेर पडलेला माणूस परत येताना आपल्या समाजाकडे नव्या नजरेने पाहू लागला होता.

हिशोबाची दुसरी बाजू

या सगळ्याची किंमत कुणी मोजली, हेही सांगायला हवं. धर्मानंद गेले आणि जवळपास सात वर्षांनी गोव्यात परतले. तोवर बाळाबाईंनी पदरी लहान मूल घेऊन, माहेरच्या आधारावर दिवस काढले. नवरा जिवंत असून घरात नाही, तो परत येईल की संन्यासीच राहील याचा भरवसा नाही, आणि गावचं तोंड धरता येत नाही. धर्मानंदांच्या विद्वत्तेची चर्चा होते तेव्हा बाळाबाईंचं नाव क्वचित निघतं. परदेशी शिकणाऱ्याच्या मागे घरी कुणीतरी भार उचलत असतं, ही गोष्ट आजही बदललेली नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र धर्मानंदांनी वेगळं केलं. १९१८ मध्ये दुसऱ्यांदा अमेरिकेला जाताना त्यांनी माणिक आणि मुलगा दामोदर या दोघांना सोबत नेलं. ज्या काळात मुलीला शाळेत घालणंही वादाचं होतं, त्या काळात माणिक अमेरिकेत रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. दामोदर तिथल्या शाळेत आणि पुढे हार्वर्डला शिकले, १९२९ मध्ये पदवीधर झाले. गणिती आणि प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून गाजलेले डी. डी. कोसंबी ते हेच. वडिलांकडे एकही पदवी नव्हती आणि मुलगा हार्वर्डचा पदवीधर. पण कुठलीही गोष्ट मुळात जाऊन तपासायची, ही सवय दोघांची सारखीच.

शेवटच्या दिवसांत आजाराने शरीर थकलं होतं. धर्मानंदांनी अन्न सोडून देह ठेवण्याचा निर्णय घेतला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम आश्रमात त्यांचं निधन झालं. इथल्या विद्यार्थ्यांनी सिलोनला जाऊन शिकावं, ही त्यांची इच्छा होती. त्यांच्या मागे गांधीजींनी ती तडीस नेण्यासाठी खटपट केली. स्वतः ज्या वाटेने उपाशीपोटी, तब्येत बिघडवून गेले, त्या वाटेने पुढच्या मुलांनी दोन वेळचं जेवून, सोयीने जावं, एवढंच त्यांना हवं होतं.

यंदा ज्या घरांत परदेशाचा विषय निघाला असेल, तिथे फीच्या आकड्यांशेजारी आणखी दोन प्रश्न लिहून ठेवायला हरकत नाही. मुलगा किंवा मुलगी तिथल्या माणसांत राहून शिकणार, की आपल्याच चार जणांच्या खोलीत राहून नुसता कोर्स पुरा करणार? आणि परत येताना इथल्यांसाठी काय आणणार?