रॉबर्ट हूक आणि त्यांचा सांधा

इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट नावाचे एक लहानसे बेट आहे. तेथील फ्रेशवॉटर या गावी १६३५ साली रॉबर्ट हूक यांचा जन्म झाला. वडील जॉन हूक हे गावच्या ख्रिस्तमंदिरात धर्मोपदेशक होते. मुलानेही धर्मसेवा पत्करावी, ही त्यांची इच्छा. परंतु मुलाची प्रकृती नाजूक असून अभ्यासास बसताच त्याचे डोके दुखे. तेव्हा वडिलांनी त्यास त्याच्या छंदावर सोपविले. एक जुने पितळी घड्याळ सुटे केलेले त्याने पाहिले, आणि तसेच लाकडाचे घड्याळ करून ते चालवून दाखविले.

१६४८ साली पितृछत्र हरपले. तेरा वर्षांचा रॉबर्ट लंडनला आला, वेस्टमिन्स्टर शाळेत शिकला व पुढे ऑक्सफर्डला गेला. तेथे रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञांसाठी त्याने हवेचा पंप तयार केला. १६६२ साली रॉयल सोसायटीने हूक यांस प्रयोगांचे प्रमुख नेमले. १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंचा त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. १६६६ च्या आगीत लंडन शहर जळाले, तेव्हा नव्या रस्त्यांची व घरांच्या जागांची मोजणी करण्याचे कामही त्यांच्याकडे आले.

आम्हांस येथे विशेष सांगावयाचे आहे ते त्यांच्या सांध्याविषयी. रायगडावर १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, त्या सुमारास हूक या सांध्याचा अभ्यास करीत होते. दोन दांड्यांच्या टोकांस दोन दुबेळकी आणि मध्ये एक क्रॉस, अशी त्याची रचना. त्यामुळे दांडे एका रेषेत नसले तरी एकाच्या फिरण्याने दुसरा फिरतो. असा सांधा यंत्रज्ञांस पूर्वीही ठाऊक होता. त्याचा दोष मात्र हूक यांनी ओळखला. पहिला दांडा एकसारखा फिरला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद व दोनदा मंद होतो. दांड्यांमधील कोन ३० अंशांचा असेल आणि पहिला मिनिटास १०० फेरे घेत असेल, तर दुसऱ्याची गती ८७ ते ११५ या दरम्यान हेलकावे खाते. कोन १० अंशांचा असेल, तर हा फरक शेकडा दीडच राहतो. सूर्यघटिकेवरील छाया अशीच असमान गतीने सरकते, हे जाणून त्यांनी त्या दोषाचाही उपयोग सुचविला. पुढे उपायही त्यांनीच सांगितला : मध्ये एक दांडा घालून त्याच्या दुसऱ्या टोकास तसाच सांधा, तेवढ्याच कोनात, योग्य दिशेने बसवावा, म्हणजे पहिला जे बिघडवितो ते दुसरा सुधारतो.

हे साडेतीनशे वर्षांपूर्वीचे ज्ञान आमच्या कळमेश्वरच्या पांदणरस्त्यांवरही कामास येते. काळ्या मातीच्या चिखलात खालचा भाग टेकू नये म्हणून चारही चाकांना गती देणारी पिकअप गाडी उंच करण्याचा मोह कित्येकांस होतो. सांगाडा व त्यासह गिअर बॉक्स वर जातो, डिफरन्शियल चाकांबरोबर खालीच राहते. मधल्या शाफ्टचा उतार वाढतो आणि दोन्ही सांध्यांचे कोनही वाढतात. ते परस्परांशी समान न राहिले, तर गाडी थरथरते व क्रॉस लवकर झिजतात. म्हणून जाणता मिस्त्री गाडी सपाट जागी चाकांवर उभी करून कोन मोजतो. दोन्ही टोकांस साधे सांधे असल्यास पाट्यांखाली पाचर घालून डिफरन्शियलचे तोंड असे वळवितो की, त्याचा दांडा गिअर बॉक्सच्या दांड्यास समांतर व्हावा. वरच्या टोकास जोडसांधा असेल तर नियम निराळा. तेव्हा ते तोंड सरळ शाफ्टकडे रोखावे लागते. पुढच्या आसाखाली पाचर घातल्यास सुकाणूचा कोनही बदलतो, म्हणून तेथे अधिक सावधपणा हवा. कोन फारच वाढला असेल, तर गाडी थोडी खाली आणणे हेच शहाणपणाचे. ज्या पाट्यांवर ही गाडी तोलली जाते, त्यांचा नियमही हूक यांनीच १६७८ साली प्रसिद्ध केला : भार जितका, तितका ताण.

हूक यांचे उत्तरायुष्य सुखाचे गेले नाही. १६८७ साली न्यूटन यांचा गुरुत्वाकर्षणावरील ग्रंथ निघाला. त्यातील मूळ कल्पनेचे श्रेय आपणांसही मिळावे, असे हूक यांस वाटे. त्या वादाने दोघांची मने कायमची दुरावली. हूक यांचा स्वभाव तापट होता, हेही खरे. १६०० च्या शतकातील या थोर प्रयोगकर्त्याने १७०३ साली लंडन येथे देह ठेवला. त्यांचे निःसंशय खरे असे एकही चित्र आज उपलब्ध नाही.

श्रेयाच्या वादात हूक यांस समाधान लाभले नाही. त्यांच्या सांध्याला मात्र आजही त्यांचेच नाव आहे. कारण तो सांधा निर्दोष आहे अशी बढाई त्यांनी मारली नाही. त्याचा दोष मोजला, जगास सांगितला आणि तो दूर करण्याची युक्तीही दिली. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या कारखान्यात वा गॅरेजमध्ये हत्यार हाती घेईल, त्याने थरथरणाऱ्या गाडीवर हातोडा उचलण्यापूर्वी कोन मोजावा, एवढेच आमचे सांगणे आहे.