रिद्धपूरचे म्हाइंभट

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. फर्स्ट इयरला होस्टेलवर माझ्या तोंडून एकदा 'मले' निघालं आणि सगळी रूम हसली. तेव्हापासून आजीचा फोन आला की मी कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन वऱ्हाडी बोलते. मागच्या दिवाळीत याच आजीने मला रिद्धपूरला नेलं आणि तिथे म्हाइंभट भेटले.

शाळेत आम्हाला चॉसर होता. त्याच्या कँटरबरी कथांमध्ये एल नावाची बिअर पिऊन झिंगलेला गिरणीवाला आहे, उत्तरेकडची गावठी इंग्रजी बोलणारे विद्यार्थी आहेत. ते वाचून आम्ही चाट पडलो होतो! पण त्याच्या शंभरेक वर्षं आधी आपल्या अमरावती जिल्ह्यात काय चाललं होतं, हे मला माहीतच नव्हतं.

म्हाइंभट सराळे गावचे. मोठे शास्त्री, आणि विद्येचा ताठाही तेवढाच. चक्रधरस्वामींना वादात हरवायला गेले आणि त्यांचेच शिष्य झाले. 1274च्या सुमारास स्वामी निघून गेल्यावर शिष्यमंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडे आली. नागदेवाचार्य स्वामींच्या आठवणींतच बुडालेले असत. या आठवणी माणसांबरोबर जातील, हे म्हाइंभटांच्या लक्षात आलं. मग नागदेवाचार्यांना विचार, ज्याने जे पाहिलं त्याला जाऊन गाठ, असं करत त्यांनी एकेक लीळा जमवली. साधारण 1278 मध्ये लीळाचरित्र तयार झालं. मराठीतला हा पहिला मोठा गद्य ग्रंथ.

संस्कृत तर त्यांना हातचा मळ होता. पण नागदेवाचार्यांचा आग्रह मराठीचा होता, कारण संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या साध्या बायाबापड्यांना त्यातलं काहीच मिळालं नसतं. म्हणून त्यात जेवणखाण आहे, आजारपण आहे, वाटेतली भांडणं आहेत, आणि वाक्यं एकदम छोटी, बोलल्यासारखी.

1288च्या सुमारास त्यांनी गोविंदप्रभूंचंही चरित्र लिहिलं. मला तेच जास्त आवडलं. गोविंदप्रभू म्हणजे अजब माणूस. कुणाच्याही घरात शिरून खाणार, मातंगांच्या वस्तीत जाणार, त्यांना पाणी नाही म्हटल्यावर विहिरीची जागा दाखवणार. त्यांचं बोलणंही तुटक, उलटसुलट. एखाद्या शास्त्र्याने ते घासूनपुसून शुद्ध केलं असतं. म्हाइंभटांनी तसंच ठेवलं.

पुढे खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली. हिराइसा आणि इतरांच्या पाठांतरातून ते पुन्हा लिहिलं गेलं आणि जिथे आठवणी जुळल्या नाहीत तिथे कुणाचा पाठ काय, तेही नोंदलं. (आपण लॅब जर्नलमध्ये रीडिंग जुळलं नाही की काय करतो, ते सांगायला नको.)

रिद्धपूरला 2024 मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं. आजीला त्याचं काही नाही. तिने मला तिच्या लहानपणची विहिरीवरची एक गोष्ट सांगितली, ती मी परत येताना एसटीतच वहीत उतरवली. पहिल्याच ओळीत सवयीने 'मला' लिहिलं होतं. ते खोडून 'मले' केलं.