पखालीचे ऋण

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी बसणाऱ्या वॉचमनला सगळे मेजर म्हणतात. ते मेजर नव्हते, साधे शिपाई होते. पण आपल्याकडे फौजेतून आलेला कुणीही माणूस लोकांच्या तोंडी मेजरच होतो. गंगापूर रोडवर इमारती आता ओळीने उभ्या आहेत आणि प्रत्येक फाटकाशी कुणी ना कुणी खुर्ची टाकून बसलेले असते. आमच्या मेजरांची खूण एवढीच, की गणवेश विटलेला असला तरी त्याला इस्त्री असते आणि बूट लखलखीत असतात.

१९७५ साली ते भरती झाले. अकरा वर्षांनी वडील गेले, घरात कर्ता माणूस उरला नाही, म्हणून नाव कापून गावी परतले. शिपायाच्या पेन्शनला १५ वर्षे भरावी लागतात. ती भरली नव्हती. पुढे शेतीच्या वाटण्या झाल्या, पत्नी वारली, गावचे घर भावांकडे राहिले. आज सत्तरीला टेकलेल्या या माणसाचे घर म्हणजे आमच्या जिन्याखालची खोली.

गेल्या महिन्यात सोसायटीची मीटिंग झाली. कॅमेरे बसवायचे, रखवाली एखाद्या एजन्सीकडे सोपवायची आणि जिन्याखालची खोली दुचाकींसाठी मोकळी करायची, असे जवळजवळ ठरले. मेजर कुठे जातील, हे कुणी विचारले नाही. मीही विचारले नाही. चहा पिऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा आनंदवल्लीपर्यंत फिरायला गेलो. राघोबादादांनी आनंदीबाईंच्या नावाने वसवलेली ही आनंदवल्ली. याच रस्त्याने पुढे सोमेश्वर मागे टाकले की गंगापूर गाव लागते. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई उतारवयात तिथे येऊन राहिल्या होत्या. त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडला आणि त्या धक्क्यातून न सावरलेले नानासाहेब सहा महिन्यांच्या आत गेले. आपण रोज भाजीची पिशवी घेऊन ज्या रस्त्याने जातो, त्याच्या टोकाला पानिपताचे दुःख येऊन विसावले होते. मेजरांचा विचार डोक्यात होता म्हणून असेल. मला त्या दिवशी पानिपतावर पडलेल्यांपेक्षा तिथून जिवंत परतलेल्या एका जखमी शिपाईगड्याची आठवण झाली. त्याचे नाव महादजी शिंदे.

महादजी हे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या राणोजी शिंद्यांचे धाकटे पुत्र. राणोजी आरंभी बाजीरावांचे जोडे सांभाळत असत, असे सांगतात. आपल्या कर्तबगारीने त्यांनी माळव्यात दौलत उभी केली आणि त्यांच्या मुलांनी तिच्यासाठी रक्त सांडले. जयाप्पा १७५५ साली नागोरला मारले गेले. दत्ताजी १७६० च्या जानेवारीत यमुनेकाठी बुराडी घाटावर पडले. पानिपताने तुकोजींना नेले. जयाप्पांचा मुलगा जनकोजी शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. एका घराने स्वराज्यासाठी याहून अधिक काय द्यायचे?

महादजी त्या संहारातून घोडी पिटाळत निघाले. एक पठाण स्वार त्यांच्या पाठीवर होता. दमलेली घोडी कोसळली, पठाणाने पायावर घाव घातला, अंगावरचे लुटले आणि तो निघून गेला. थंडीच्या दिवसांत, परक्या मुलखात, पाय तुटलेला हा तिशीतला सरदार रस्त्याकडेला पडून राहिला. त्या घडीला त्याला ना घर होते, ना फौज, ना भाऊ.

तिथे राणेखान नावाचा एक भिस्ती आला. लष्कराला पाणी पुरवणारा हा गरीब माणूस. त्याने जखमी महादजींना उचलून आपल्या पखालीच्या बैलावर घातले आणि त्या मुलखातून सुखरूप बाहेर काढले. राणेखान एकटाच असा नव्हता. भरतपूरच्या सूरजमल जाटाने पानिपताच्या आधीच मराठ्यांची साथ सोडली होती. पण अर्धपोटी, उघडेवाघडे मराठी शिपाई आणि त्यांची बायकामुले दाराशी आली, तेव्हा त्याने जुने हिशेब काढले नाहीत. अन्न दिले, कपडे दिले, औषधपाणी केले आणि त्यांना ग्वाल्हेरच्या वाटेला लावले. हरलेल्या फौजेला आधार देऊन मिळण्यासारखे काहीही नसताना हे घडले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

महादजींचा पाय कायमचा अधू झाला, पण माणूस उभा राहिला. घराण्याच्या सरदारकीसाठी त्यांना काही वर्षे झगडावे लागले. १७७२ च्या आरंभी मराठी फौजांनी शाहआलम बादशहाला दिल्लीच्या तख्तावर परत बसवले, त्यात ते पुढे होते. १७७९ साली वडगावला राघोबादादांना घेऊन आलेल्या इंग्रजांना त्यांनी कोंडीत पकडले आणि १७८२ चा सालबाईचा तह त्यांच्याच मध्यस्थीने झाला. १७८४ मध्ये बादशाही कारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली.

आणि राणेखान? महादजींनी त्याला मोहरांची थैली देऊन वाटेला लावले नाही. त्याला भाऊ मानले, जवळ ठेवले आणि पुढे सेनापती केले. १७८८ साली गुलाम कादिराने शाहआलमाचे डोळे काढले, तेव्हा दिल्लीवर चालून गेलेल्या महादजींच्या फौजेचे नेतृत्व राणेखानाकडे होते. पखाल वाहणाऱ्या माणसाच्या अंगी काय आहे, हे ओळखण्याची नजर कृतज्ञतेतून आली होती.

याच काळात महादजींनी सॅव्हॉयहून आलेल्या डी बॉयनच्या हातून कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांनी १७९० मध्ये पाटण आणि मेडता जिंकले, हे इतिहासात ठळकपणे येते. या पलटणींचा एक नियम मात्र फारसा सांगितला जात नाही. लढाईत जखमी झालेल्याला जखमेच्या मानाने रक्कम मिळे आणि उपचार चालू असताना पगार कापला जात नसे. कायमचा अपंग झालेल्याला जन्मभर निम्मा पगार आणि वर जमीन मिळे. ज्यांचा स्वामीच अधू पायाने चालत होता, त्या फौजेत हा नियम असावा, हे मला फार बोलके वाटते. ही रीत आपल्याला परकीही नव्हती. अफझलखानाच्या वधानंतर शिवाजी महाराजांनी जखमींना बक्षिसे दिली आणि पुत्र नसलेल्या मृत शिपायांच्या बायकांना निम्मे वेतन चालू ठेवले, असे सभासदाने नोंदवले आहे.

महादजी १७९२ मध्ये पुण्याला आले आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला वारले. नऊ वर्षांनी, १८०३ साली, असई आणि लासवाडीला त्यांच्या पलटणी मोडल्या. मराठी फौजांतून सुटलेले कितीतरी शिपाई मग मुलूखभर भटकत राहिले आणि त्यांतले बरेच पेंढाऱ्यांना मिळाले. लढण्यापलीकडे काही न शिकवलेल्या माणसाला घर आणि काम दिले नाही, तर काय होते, हे आपल्या खेड्यांनी तेव्हा भोगले.

वानवडीला महादजींची छत्री आहे. त्याच पुण्यात खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे आणि अपंग सैनिकांना हातचे काम शिकवणारी, १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरी संस्थाही आहे. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. आपण डब्यात नाणे टाकतो, छातीला छोटा झेंडा टाचतो आणि संध्याकाळी काढून ठेवतो. सरकारचे काम सरकारने करावेच. पण जिन्याखालची खोली काही सरकारच्या ताब्यात नाही, ती आमच्या ताब्यात आहे.

परवा मी मेजरांच्या खोलीत प्रथमच बसलो. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून डिस्चार्ज बुक काढून दाखवले. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून इतकी वर्षे जपलेले. पेन्शन नसलेल्या, पासष्टी उलटलेल्या, हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांसाठी दरमहा मदतीची योजना आहे आणि तिचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करता येतो, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. सोमवारी आम्ही दोघे तिथे जाणार आहोत. अर्जावर पत्ता लिहावा लागेल. तो आमच्या सोसायटीचाच लिहायचा, असे मी त्यांना सांगून आलो आहे.

आज संध्याकाळी सोसायटीची पुन्हा मीटिंग आहे. दुचाकी कुठेही लावता येतील. या वेळी चहा येण्याआधी मी बोलणार आहे.