माथेरानला आगगाडी देणारे सर आदमजी पीरभॉय

सुटीत माथेरानला जाणाऱ्या मुंबईकराला नेरळची छोटी गाडी नवी नाही. परंतु ज्यांच्या पैशातून ती डोंगरावर चढली, त्या सर आदमजी पीरभॉय यांची ओळख मात्र आज फारच थोड्यांना आहे.

आदमजींचा जन्म १८४६ मध्ये काठेवाडातील एका गरीब दाऊदी बोहरा कुटुंबात झाला. वयाच्या तेराव्या वर्षी ते मुंबईच्या रस्त्यांवर आगपेट्या विकू लागले. पुढे लष्कराला तंबू पुरवण्याची कंत्राटे मिळाली आणि त्यांचा भाग्योदय झाला. कापड गिरणी आणि चामड्याचा मोठा कारखाना असा व्याप वाढत गेला. १८९७ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. चर्नी रोड येथील आरोग्यधाम त्यांच्या दातृत्वाची साक्ष देते.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरान उजेडात आणले, तरी तेथे पोहोचणे सोपे नव्हते. नेरळपर्यंत रेल्वे होती. पुढची चढण पायी, घोड्यावर किंवा पालखीतून करावी लागे. वृद्धांना आणि आजाऱ्यांना थंड हवेची खरी गरज, पण तीच मंडळी पायथ्याशी अडत. आदमजींचे पुत्र अब्दुल हुसेन माथेरानला वारंवार जात. डोंगरावर रेल्वे नेण्याचा ध्यास त्यांनी घेतला आणि त्यासाठी वडिलांनी सोळा लाख रुपये दिले. पावसाळ्यात बंद राहणाऱ्या मार्गावर एवढी रक्कम लावणे हे साहसच होते.

१९०४ मध्ये काम सुरू झाले. बार्शी लाइट रेल्वेमुळे ख्यातकीर्त झालेले एव्हरार्ड कॅलथ्रॉप सल्लागार अभियंता होते. रुळांमधील अंतर अवघे दोन फूट, मार्ग सुमारे २० किलोमीटरचा आणि चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट इतका तीव्र. नालाच्या आकाराची वळणे घेत रूळ वर नेण्यात आले. जर्मनीतील ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीच्या वाफेच्या इंजिनांची टोकाची चाके वळणावर थोडी बाजूला सरकत, म्हणूनच ही अवघड वाट त्यांना साधली.

१९०७ मध्ये गाडी धावू लागली. त्याच वर्षी आदमजींना सर हा किताब मिळाला आणि डिसेंबरात कराचीच्या मुस्लिम लीग अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. १९१३ मध्ये त्यांचे निधन झाले.

वाफेच्या इंजिनांनी १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत सहलीकरूंना वर नेले. पुढे त्यांची जागा पूर्णपणे डिझेल इंजिनांनी घेतली. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग उद्ध्वस्त झाला, परंतु २००७ मध्ये, शताब्दीच्याच वर्षी, गाडी पुन्हा धावली. आगपेट्या विकणाऱ्या त्या मुलाच्या कमाईने खुला झालेला हा मार्ग सुटीच्या दिवशी गर्दीने फुलतो.