हंस, गौरीकुंड आणि माझी एक्सेल शीट

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आजचं वाचन : एकनाथी भागवत, अध्याय १३, हंसगीता.

प्रसंग आपल्या ओळखीचा आहे. सनकादिक ब्रह्मदेवाला विचारतात की चित्त विषयात शिरतं, विषय चित्तात शिरतात, मग ज्याला सुटायचंय त्याने हे दोन्ही वेगळे करायचे कसे? ब्रह्मदेव सृष्टीच्या कामात इतका बुडालेला की त्याला उत्तर सुचत नाही. (रिलीजच्या आठवड्यात आपलंही असंच होतं.) मग भगवान हंसाचं रूप घेऊन येतात. सनकादिक विचारतात, आपण कोण? आणि हंस त्या प्रश्नालाच हात घालतो. आत्मा जर एकच, तर तू कोण हे कोणी कोणाला विचारायचं?

हे मी सकाळी पालघरहून लोकलमध्ये वाचत होतो. मांडीवर पोथी, आणि मोबाईलवर कैलास परिक्रमेची शीट उघडी. विषय चित्तात शिरतात म्हणजे काय, ते तिथेच कळलं. गेले तीन महिने मी कैलासाचा विचार करतोय म्हणजे नक्की कशाचा करतोय? बुटांचा, रजेचा, रेनकोटच्या ब्रँडचा. म्हणून आज हंसगीतेवर जास्त न लिहिता त्याच नावाच्या एका मराठी माणसाबद्दल लिहितो.

त्यांचं आधीचं आडनाव नाटेकर. जग त्यांना भगवान श्री हंस म्हणून ओळखतं. दत्तभक्त. १९०८ साली, तिशीच्या आसपास, ते कैलासाकडे निघाले. म्हणजे माझ्यापेक्षा थोडे लहानच. तेव्हा लॉटरी नव्हती, वैद्यकीय तपासणी नव्हती, गुंजीला थांबवून रक्तदाब मोजणारं कोणी नव्हतं. चालत जायचं, वाटेत कोणी दिलं तर खायचं. लिपुलेखसारखी खिंड पाच हजार मीटरच्या वर आहे. पलीकडच्या पठारावर लुटारूंचं भय होतं आणि उघड्यावरची थंडी.

मानसरोवराच्या काठी ते काही दिवस एक वेळ जेवून ध्यानाला बसले. पण त्यांना तेवढ्यावर परतायचं नव्हतं. हवं होतं ते एकच, दत्तात्रेयांचं प्रत्यक्ष, देहधारी दर्शन. स्वप्नात नको, ध्यानातही नको.

कैलासाची परिक्रमा ५२ किलोमीटरची. आजचे यात्री ती साधारण तीन दिवसांत करतात. दारचेनहून निघून पहिला मुक्काम दिरापुक. दुसऱ्या दिवशी डोल्मा ला ही सर्वांत उंच खिंड, ५,६०० मीटरच्या वर. ती ओलांडून उतरायला लागलं की खाली गौरीकुंड दिसतं. बहुतेक जण वरूनच हात जोडतात, कारण खाली उतरून परत चढायला दम उरत नाही. तिथे कोणी थांबत नाही. दुपारनंतर हवा बिघडते आणि अजून झुतुलपुक गाठायचं असतं. माझ्या शीटमध्ये गौरीकुंडासाठी दहा मिनिटं धरलेली आहेत. फोटोसकट.

हंस तिथे बसले. अन्नपाणी सोडून, दर्शन होईपर्यंत उठणार नाही असा निश्चय करून. त्यांच्या पुस्तकात हा भाग फार साधेपणाने आलाय. भूक लागते, अंगात सुया टोचल्यासारखं दुखतं, मरण येणार असं वाटतं, आणि ते बसून राहतात. तिसऱ्या रात्रीनंतर बर्फ तडकल्याचा आवाज होतो आणि दत्तगुरू समोर उभे राहतात, त्यांना उचलून घेतात, दीक्षा देतात. हंस हे नावही तिथलंच.

माझ्यातला इंजिनिअर इथे जरा चुळबुळतो, हे कबूल करतो. त्या उंचीवर प्राणवायू निम्म्याच्या आसपास, त्यात तीन दिवसांचा उपास. मेंदूचं काय होतं ते मीही वाचलंय. पण मग देवगिरीवर जनार्दनस्वामींनी एकनाथांना घडवलेलं दत्तदर्शन मी मानतो ते कशाच्या जोरावर? तिथे उंचीचं कारण पुढे करता येत नाही. मी हा वाद स्वतःशी बरेच दिवस घातला आणि सोडून दिला. मला जास्त विचार करायला लावते ती पुढची गोष्ट. ते परत आले.

एवढं मिळाल्यावर माणूस तिथेच राहील असं वाटतं ना? ते महाराष्ट्रात परतले आणि आपला प्रवास मराठीत लिहिला. त्यांचे शिष्य शंकर गजानन पुरोहित, विदर्भातल्या बडनेऱ्याचे, वयाने थोडेच लहान, पदवीधर, बायकामुलं असलेले. पुढे ते पुरोहित स्वामी झाले. गुरूंच्या सांगण्यावरून ते युरोपात गेले आणि १९३१ मध्ये लंडनमध्ये त्यांची भेट झाली ती कवी येट्सशी, नोबेल मिळालेल्या डब्ल्यू. बी. येट्सशी. पुरोहित स्वामींनी गुरूंचं पुस्तक इंग्रजीत आणलं, 'द होली माउंटन'. १९३४ साली लंडनच्या फेबर अँड फेबरने ते छापलं, प्रस्तावना येट्सची. त्याच सुमारास येट्सने 'मेरू' नावाची कविता लिहिली. गौरीकुंडाचा तो बर्फ असा आयर्लंडच्या कवीपर्यंत पोहोचला. आपल्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकलं होतं? मी दोन वर्षांपूर्वीपर्यंत नव्हतं.

१९३५ च्या शेवटी दोघे मायोर्का बेटावर गेले, उपनिषदांचं भाषांतर करायला. तिथे येट्स गंभीर आजारी पडला, त्यातून उठला, काम चालू राहिलं. मे १९३६ मध्ये पुरोहित स्वामी भारतात परतले. कारण इकडे गुरू आजारी होते. नाव होत होतं, पुस्तकं निघत होती, तरी निघून आले. 'दहा प्रमुख उपनिषदं' १९३७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी हंस गेले. १९४१ मध्ये पुरोहित स्वामीही.

मला सारखा तो परतीचा बोटीचा प्रवास दिसतो.

आता माझं. आम्ही माहीमचे, म्हणजे पालघरच्या माहीमचे. (मुंबईतलं माहीम नव्हे, हे प्रत्येक कुरिअरवाल्याला सांगावं लागतं.) घरामागे पानवेलीची वाडी, पुढे समुद्र. उंचीची सवय शून्य मीटर. म्हणून रविवारी वाघोबा खिंडीतून काळदुर्ग चढतो, कधी तांदुळवाडी. बीएमआय पंचविसाच्या आत आणलाय, सरकारी यात्रेची ती अट आहे. २०२० पासून बंद पडलेली यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

पण कैलास मुळात माझा नव्हताच. आईबाबांनी ठरवला होता. बाबा निवृत्त झाल्यावर जाऊ म्हणत होते, आणि निवृत्तीनंतर दीड वर्षात बाबा गेले. आई आता ६६. वयाची मर्यादा सत्तरची, त्यात ती बसते. रक्तदाब आणि गुडघे बसत नाहीत. सरकारी तपासणीत ती पास होणार नाही हे तिलाही माहीत आहे.

नेपाळमार्गे खासगी गाडीने तिला मानसरोवरापर्यंत नेता येईल, तब्येतीने साथ दिली तर दारचेनपर्यंत आणि तिथून यमद्वारापर्यंत. पुढे मी परिक्रमेला गेलो तर तीन दिवस ती दारचेनला एकटी, साडेचार हजार मीटरच्या वर. नाही गेलो तर माझं गौरीकुंड राहिलं. म्हणून शीटमध्ये दोन टॅब झालेत. एकावर माझं नाव, दुसऱ्यावर आम्हा दोघांचं. पहिल्या टॅबमध्ये सगळं भरलेलं आहे, अगदी मोज्यांचे जोडसुद्धा. दुसऱ्यात फक्त तारीख.

आईला विचारलं तर ती म्हणते तू जाऊन ये, मला मानसचं पाणी आण. आणि मग संध्याकाळी पाहतो तर ती अंगणात चपला घालून फेऱ्या मारत असते. काल मोजल्या म्हणे, चाळीस.

आज ऑफिसातून परतताना पहिला टॅब उघडलाच नाही. दुसऱ्यात तिच्या औषधांची नावं लिहिली आणि शनिवारी सकाळी दहाला डॉक्टरांची वेळ घेतली. गुडघ्यांचे एक्स-रे जुने आहेत, नवे काढावे लागतील.

उद्या चौदावा अध्याय. श्री गुरुदेव दत्त.