रेव्ह. माइल्स जोसेफ बर्कली

कोल्हापूर भागांत ज्यांनीं टोमॅटो किंवा बटाटा लाविला आहे, त्यांस करप्याची ओळख करून देण्याची गरज नाहीं. चार दिवस गार, ढगाळ हवा व झिमझिम पाऊस झाला कीं पानांवर काळपट ओले डाग पडतात, पानाच्या खालच्या अंगास पांढरी लव येते, आणि पाहतां पाहतां हिरवें शेत जळाल्यासारखें दिसतें. ह्या रोगाचें कारण ठामपणें मांडणारा पुरुष खेड्यांतील एक पाळक होता.

बर्कली १८०३ सालीं इंग्लंडांत नॉर्थॅम्प्टनशर परगण्यांत जन्मले. केंब्रिजचें शिक्षण संपवून त्यांनीं पाळकाची दीक्षा घेतली व १८३३ पासून अपेथॉर्प आणि वुडन्यूटन ह्या दोन लहान मंडळ्या सांभाळिल्या. वेतन थोडें, संसार मोठा. म्हणून घरीं विद्यार्थी ठेवून शिकवीत. उरल्या वेळांत सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं बुरशी पाहत. डार्विन यांनीं जलप्रवासांत जमविलेल्या बुरशी ह्याच पाळकाकडे तपासणीस आल्या होत्या!

१८४५ सालीं युरोपांत बटाट्याचें पीक कुजलें. आयर्लंडांतील गरीब बटाट्यावरच जगत. तेथें कांहीं वर्षांत सुमारें दहा लाख माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं. कोणी ही देवाची शिक्षा म्हणत. डॉ. लिंडली यांच्यासारखे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणत कीं, अति ओलाव्यानें झाड आधीं सडतें, बुरशी मागाहून येते. बर्कली यांनीं रोगट पानें तपासून १८४६ सालीं उलट लिहिलें: बुरशी आधीं, सडणें मागाहून. हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. दोष पावसाचाच असेल तर शेतकऱ्यानें काय करावें? पण शत्रु सजीव असेल तर त्याजवर उपाय शोधतां येतो. तथापि तेव्हां बहुतेकांस तें पटलें नाहीं.

पुढें १८६१ सालीं जर्मनीच्या डी बारी यांनीं निरोगी झाडांवर त्याच बुरशीचीं बीजें टाकून रोग उत्पन्न करून दाखविला. (आजचें शास्त्र तिला खरी बुरशी न म्हणतां शेवाळाच्या नात्यांतली मानतें, पण ती सजीव आहे व रोगट गड्ड्यांतून पुढील हंगामांत उतरते, हें कायम आहे.) १८८५ सालीं फ्रान्सांत मिलार्दे यांनीं द्राक्षवेलींकरितां मोरचूद व चुना यांचें मिश्रण प्रसिद्ध केलें; तेंच बटाट्यासही लागू पडलें. आपल्या मळेकऱ्यांस तें बोर्डो मिश्रण म्हणून ठाऊक आहे.

बर्कली यांस हें पाहावयास मिळालें. १८७९ सालीं आपला बुरशींचा सारा संग्रह त्यांनीं क्यू येथील सरकारी बागेस देऊन टाकिला होता. सिबरटॉफ्ट गांवीं ३० जुलै १८८९ रोजीं ते मरण पावले.